बाबुआण्णा : प्राध्यापक जी. ए. कुलकर्णी

मराठी कथेचा विषय निघाला की जी. ए. कुलकर्णी हे नाव येतेच, आणि त्या नावामागोमाग एक ठरीव चित्रही उभे राहते. डोळ्यांवर काळा चष्मा, सभासमारंभांकडे फिरवलेली पाठ, छायाचित्राचा आणि मुलाखतीचा कंटाळा, धारवाडसारख्या दूरच्या गावी स्वतःला मिटवून घेतलेला एकटा माणूस, आणि त्याच्या लेखणीतून उतरलेले नियतीचे, दुःखाचे, मृत्यूचे जग. हे चित्र खोटे नाही. पण ते घराच्या बाहेर उभे राहून रेखाटलेले आहे. दाराच्या आत जे जीए होते त्यांना घरात बाबुआण्णा म्हणत. ते एका लहानशा कुटुंबाचे वडीलभाऊ होते आणि आयुष्यभर त्यांनी ते नाते निगुतीने सांभाळले. त्यांच्या कथांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या वडीलभावाविषयी त्या मानाने थोडेच लिहिले गेले.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील एकसंबे या गावच्या कुलकर्णी घराण्यात झाला. शाळा आणि कॉलेज बेळगावला झाले. त्या काळचे बेळगाव मुंबई इलाख्यात होते. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथे एकाच गल्लीत, एकाच बाजारात आणि पुष्कळदा एकाच घरात नांदत असत. मुलाच्या कानावर दोन्ही पडत आणि तो कोणत्या भाषेत खेळतो हे शेजारच्या घरावर अवलंबून असे. पुढे जीएंच्या कथांत कानडी वळणाची माणसे, नावे आणि चालीरीती इतक्या सहज वावरताना दिसतात, त्याचे मूळ या बालपणात आहे.

या बालपणाला आणि तरुणपणाला मृत्यूचा वेढा पडला होता. वडील गेले, आई गेली, सख्ख्या बहिणी गेल्या. भरले घर माणूस माणूस करून रिकामे होणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तके वाचून कळलेले नव्हते. त्यांच्या कथांतील मृत्यू लेखकाने कल्पनेने रंगवलेला वाटत नाही. तो ओळखीच्या पाहुण्यासारखा येतो, कोणाला विचारत नाही आणि आपले काम करून निघून जातो. समीक्षकांनी या विषयाची तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ चर्चा केली, आणि ती आवश्यकही होती. पण तत्त्वज्ञान पुढचे. आधी रिकामे झालेले घर होते.

अशा घरातून बाहेर पडलेला माणूस दोनपैकी एक वाट धरतो. एकतर तो पुन्हा कोणात जीव गुंतवायला धजत नाही, नाहीतर उरलेल्या माणसांना घट्ट धरतो. जीएंच्या बाबतीत उरल्या होत्या त्यांच्या मावशीच्या दोन मुली, प्रभावती आणि नंदा. या मावसबहिणींना त्यांनी आपल्या घरच्या मुली मानले आणि त्यांच्या वडीलभावाची, खरे तर वडिलांचीच, जागा घेतली. बाबुआण्णा हे संबोधन त्या घरातले. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि बेळगाव-धारवाडकडच्या मराठी घरांतही तो शब्द त्याच अर्थाने रुळलेला आहे. त्या बाजूला कोणी अण्णा झाला की त्याच्यावर काय काय येऊन पडते, ते त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

जीएंनी लग्न केले नाही. बहिणींच्या जबाबदारीपायी त्यांनी संसाराचा त्याग केला, अशी सरळ गोष्ट रचण्याचा मोह येथे होतो आणि स्मृतिलेखांत तसे लिहिण्याची पद्धतही आहे. तो मोह आवरलेला बरा. माणूस का लग्न करतो आणि का करत नाही, याचा हिशेब बाहेरच्यांनी मांडू नये. शिवाय त्यांनी संसार केलाच नाही, हे म्हणणेही तितकेसे खरे नाही. घर चालवणे, त्यातल्या माणसांची दुखणीखुपणी पाहणे, मुलींचे शिक्षण आणि भवितव्य यांची काळजी वाहणे, हे सगळे त्यांनी केले. याला संसार म्हणत नसतील तर मग संसार कशाला म्हणायचे?

उपजीविकेसाठी त्यांनी अध्यापन पत्करले. इंग्रजी हा त्यांचा विषय. धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि तेथूनच ते निवृत्त झाले. तीस वर्षे एकाच गावात एकच विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या आयुष्यात बाहेरून सांगण्यासारखे फारसे काही घडत नाही. वेळापत्रक, तास, उत्तरपत्रिका आणि दर जूनला समोर येणारे नवे चेहरे. ज्यांच्या घरात कोणी शिक्षक आहे त्यांना ही लय ठाऊक आहे. याच लयीने एक कुटुंब उभे राहते. महिन्याच्या महिन्याला पगार येतो आणि त्यातून किराणा, औषधे, फी भागते. त्या काळी कथालेखनावर घर चालत नसे. मराठीतल्या एका श्रेष्ठ कथाकाराच्या घरची चूल इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या पगारावर पेटत होती, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात नोंदवली जात नाही. ती नोंदवली गेली पाहिजे.

धारवाडचे वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव व धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी इकडे विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि ज्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई आहे तो मध्य प्रदेशातच राहिला. एका दिवसात सीमारेषा हलल्या आणि पुष्कळ मराठी घरे जागची न हलता परप्रांतात जाऊन पडली. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आणि त्याही पलीकडून भिलाईला आलेल्या मराठी कुटुंबांना परभाषिक मुलखात आपली भाषा घरात आणि शाळेत कशी जपावी लागते, ते समजावून सांगण्याची गरज नाही. जीए वर्गात इंग्रजी शिकवत, बाजारात कानडी ऐकत आणि रात्री मराठीत लिहीत. त्यांनी भाषेचा झेंडा कधी खांद्यावर घेतला नाही. ते मराठीत लिहीत राहिले, इतकेच.

याच धारवाडात त्यांच्या नेमके उलट उदाहरणही होते. कानडीचे महाकवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात कित्येक वर्षे कानडी शिकवले. बेंद्र्यांनी घरची भाषा घरात ठेवून गावाच्या भाषेत काव्य केले, तर जीएंनी गावात राहून घरच्या भाषेत कथा लिहिली. दोघांवरही त्या गावाने सारखीच माया केली. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळात जाऊन राहणे जीएंना अवघड नव्हते. मान होता, प्रकाशक होते, वाचक वाट पाहत होते. पण त्यांचा जीव धारवाडात होता. तेथे त्यांचे घर होते, तास होते, आणि संध्याकाळी क्लबात बसून पत्ते खेळण्याचा नेम होता. हा पत्त्यांचा नाद ऐकून काही वाचकांना नवल वाटते. गूढ कथा लिहिणाऱ्याने संध्याकाळीही गूढच असले पाहिजे, असा एक समज आहे. जीए चित्रेही काढत. त्यांच्या कथांतील रंगांचा सोस पाहिला, नुसती संग्रहांची नावे वाचली, तरी तो हात चित्रकाराचा आहे हे जाणवते.

त्यांच्या कथा प्रामुख्याने ‘सत्यकथा’ मासिकातून वाचकांपुढे आल्या. ‘निळासावळा’ हा पहिला संग्रह १९५९ साली निघाला. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली तेही हेच वर्ष. त्यामागून ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’, ‘रमलखुणा’, ‘सांजशकुन’ आणि १९७७ साली ‘पिंगळावेळ’ आले. १८ वर्षांत आठ संग्रह. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी मराठी कथेला नवे वळण दिले होते. त्यानंतर आलेल्या जीएंनी तिला आणखी एका खोल विहिरीच्या काठावर नेऊन उभे केले. ग्रीक पुराणकथा आणि पाश्चात्त्य साहित्य यांच्याशी इंग्रजीच्या या प्राध्यापकाचा रोजचा परिचय होता, आणि ‘ऑर्फियस’सारख्या कथेत तो परिचय मराठी होऊन आला.

तरी घर या विषयापाशी त्यांची लेखणी पुनःपुन्हा येते. त्यांच्या आरंभीच्या कितीतरी कथा जुन्या, अंधाऱ्या, ओल आलेल्या घरांत घडतात. त्या घरांत सोसणाऱ्या बहिणी आहेत, थकलेल्या मावश्या आहेत, कोणाच्या तरी आश्रयाला आलेली पोरकी मुले आहेत. ‘कैरी’ ही कथा पुष्कळांना अमोल पालेकरांच्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. आईवेगळे मूल मावशीच्या घरी येते. त्या मावशीच्या स्वतःच्या संसारात सुखाचा कण नाही, आणि तरीही ती त्या मुलाला माया देते. या कथेत लेखकाचे चरित्र शोधण्याचे कारण नाही. पण आश्रय देणे आणि आश्रय घेणे या दोन्हींचे दुखरे बारकावे ज्याला इतके अचूक ठाऊक आहेत, त्याने घर हा विषय दुरून पाहिलेला नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

या दृष्टीने त्यांनी केलेले अनुवाद फार बोलके आहेत, आणि त्यांच्याकडे वाचकांनी द्यायला हवे होते तितके लक्ष दिले नाही. १९६७-६८ च्या सुमारास जीएंनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या पाच कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांतील ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही एक सलग त्रयी आहे. ओहायोच्या घनदाट अरण्यात एक गरीब कुटुंब येऊन राहते. आई क्षयाने मरते. धाकटी मुलगी रानात हरवते ती सापडतच नाही. त्या दुःखाने आधीच भटका असलेला बाप घर सोडून निघून जातो. मागे राहते थोरली मुलगी सेवर्ड, जेमतेम पंधरा वर्षांची, आणि तिच्या भोवती तिची भावंडे. ती रडत बसत नाही. लाकडे फोडते, मका दळते, भावंडांना जेवू घालते आणि घर घर म्हणून टिकवते. पुढे रान तुटून शिवार होते, शिवार मोडून गाव वसते. म्हातारी झालेली सेवर्ड आपणच तोडलेल्या झाडांसाठी झुरू लागते. या त्रयीतल्या शेवटच्या कादंबरीला १९५१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते.

शेते आणि खेडी होती तेथे पाहता पाहता पोलादाचे शहर उभे राहिलेले ज्या भिलाईकरांनी पाहिले, त्यांना ‘गाव’ ही कादंबरी परकी वाटणार नाही. पण येथे मुद्दा वेगळा आहे. ज्या माणसाने मरणाच्या तडाख्यातून उरलेल्या दोन बहिणींना घेऊन घर उभे केले, त्याच माणसाने भावंडांना वाढवणाऱ्या एका थोरल्या बहिणीची कहाणी शेकडो पाने खपून मराठीत आणली. अनुवादाचे काम दीर्घ आणि हाडे मोडणारे असते. त्यात कथाकाराला मिळतो तसा मान नसतो. ते त्यांनी का पत्करले याची अनेक व्यावहारिक कारणे असू शकतील. परंतु ‘रान’ वाचताना सेवर्डच्या घरातल्या चुलीपाशी अनुवादकाचे मन रमले आहे, असे पानोपानी वाटत राहते. ‘रानातील प्रकाश’ ही त्याच लेखकाची आणखी एक कादंबरी. गोऱ्या कुटुंबात जन्मलेला आणि आदिवासी इंडियनांनी पोटच्या मुलासारखा वाढवलेला एक मुलगा बळाने जन्मदात्यांकडे परत पाठवला जातो, आणि शेवटी तो ना इकडचा राहतो ना तिकडचा. नाते रक्ताने ठरते की सांभाळण्याने, हा तिचा प्रश्न आहे. मावशीच्या मुलींना आपल्या मानणाऱ्या बाबुआण्णांकडे त्याचे उत्तर केव्हाच तयार होते.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि ते पुरस्कारास पात्र होते की नाही, अशी चर्चा सुरू झाली. दोष असलाच तर तो लेखकाचा नव्हता. जीएंनी मात्र वाद घालत न बसता पुरस्कार परत केला. त्या वेळी पुरस्काराची रक्कम ५,००० रुपये होती आणि पगारावर घर चालवणाऱ्या प्राध्यापकाला ती लहान नव्हती. या प्रसंगाचे लोकांनी दोन अर्थ लावले. काहींना त्यात मानी स्वभाव दिसला, तर काहींना अतिरेकी हळवेपणा. दोन्ही थोडे थोडे खरे असावेत. आपल्या घराच्या उंबऱ्याशी कोणाचे किटाळ येऊ नये, या जुन्या मध्यमवर्गीय शिस्तीत वाढलेला माणूस दुसरे काही करता, असे वाटत नाही.

त्यांचा एकान्तही समजून घ्यावा लागतो. ते माणूसघाणे होते म्हणावे तर त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे काय करायचे? त्यांची निवडक पत्रेच चार खंडांत प्रसिद्ध झाली आहेत. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचेही ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक झाले. पत्रांतले जीए मोकळे आहेत. ते थट्टा करतात, रुसतात, चौकशी करतात, वाचलेल्या पुस्तकांविषयी भरभरून सांगतात. त्यांना माणसे हवी होती, पण आपण ठरवलेल्या अंतरावर. आणि या अंतराच्या आत, अगदी जवळ, फक्त घरची माणसे होती. व्यासपीठावर गेले नाहीत म्हणून जीएंना एकलकोंडे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की ते ज्या घरात परतत, तेथे त्यांची वाट पाहणारे कोणीतरी नेहमी असे.

आयुष्याच्या उतारावर त्यांनी मुलांसाठी दोन पुस्तके लिहिली, ‘बखर बिम्मची’ आणि ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’. दोन्ही १९८६ साली प्रसिद्ध झाली. बिम्म हा एक चिमुकला, डोळे विस्फारून जग पाहणारा मुलगा. त्याच्या भोवती घर आहे, पक्षी-प्राणी आहेत, न संपणारे प्रश्न आहेत, आणि कोठेही भय नाही. ‘रक्तचंदन’ आणि ‘काजळमाया’ लिहिणाऱ्या हातून हे उतरले, यावर विश्वास बसत नाही. पण बाबुआण्णांना ओळखणाऱ्यांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. ज्या पालकांनी अद्याप ही पुस्तके मुलांच्या हाती दिली नसतील, त्यांनी आवर्जून द्यावीत. सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्री मोठ्याने वाचून दाखवायला ‘बिम्म’सारखे पुस्तक मराठीत फार नाही.

निवृत्तीनंतरचा काळ धारवाडात शांतपणे घालवावा, अशीच त्यांची वृत्ती होती. पण डोळ्यांनी दगा दिला. आयुष्यभर ज्यांनी वाचले, लिहिले आणि रंगवले, त्या डोळ्यांवरच्या उपचारांसाठी १९८५-८६ च्या सुमारास त्यांना धारवाड सोडून पुण्याला यावे लागले. जे गाव त्यांनी मानासाठी, पैशासाठी किंवा साहित्यिकांच्या सहवासासाठी सोडले नव्हते, ते दुखण्यापायी सुटले. वयाच्या साठीनंतर अंगवळणी पडलेले गाव सुटणे काय असते, हे नोकरीतून निवृत्त होऊन क्वार्टर रिकामे केलेल्या अनेक भिलाईकरांना ठाऊक आहे. सामान ट्रकमध्ये चढते, पण संध्याकाळचा रस्ता आणि ओळखीचे झाड मागेच राहते. पुण्यात बहिणींची सोबत होती. ज्यांना त्यांनी सांभाळले, त्यांच्याच सांभाळण्यात त्यांचे अखेरचे दिवस गेले. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ६४ होते.

त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तके येत राहिली. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ १९८८ साली आले, आणि त्यात बेळगावचे जुने दिवस व तेथली माणसे पुन्हा भेटली. पुढच्याच वर्षी ‘कुसुमगुंजा’ हा संग्रह निघाला. मग पत्रांचे खंड आले. धाकट्या बहिणीने, नंदा पैठणकर यांनी, पुढे आपल्या भावाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात थोर कथाकार आहेत, परंतु पुष्कळसा भाग घरातल्या माणसाचा आहे, बहिणींच्या शाळा-कॉलेजाची आणि सुखदुःखाची काळजी वाहणाऱ्या भावाचा. पुस्तकाला नाव देताना त्यांनी जी. ए. कुलकर्णी हे जगाला ठाऊक असलेले नाव घेतले नाही. मुखपृष्ठावर त्यांनी घातले, ‘प्रिय बाबुआण्णा’.